काळ्या पडद्यावर उमटणारे चौकोन: रंगमंचाच्या व्हिडिओसाठी कॉम्प्रेशनची सेटिंग कशी ठरवावी

ठाण्याच्या नौपाड्यात भरतनाट्यमचा नृत्यवर्ग चालवणाऱ्या एका ताईंचा वार्षिक कार्यक्रमानंतर आठवडाभराने मला फोन आला. "दादा, पदम सुरू होतं ना, तिथे मागचा पडदा बघा," त्या म्हणाल्या. "मुलगी स्थिर उभी आहे आणि पडदा हलतोय. आमच्या टीव्हीत काही बिघाड आहे का?" टीव्हीत बिघाड नव्हता. मी दिलेली फाइल त्याच रात्री खोलीतले दिवे मालवून मोठ्या पडद्यावर लावून पाहिली. पदम या संथ, अभिनयप्रधान रचनेत निळसर मंद प्रकाशात उभ्या असलेल्या नर्तिकेच्या मागची काळी झालर सलग काळी राहिलेली नव्हती. तिच्यावर राखाडी चौकोन होते आणि ते काही सेकंदांनी एकदम जागा बदलत होते. स्पॉटच्या कडेला प्रकाश हळूहळू विरत जाण्याऐवजी त्याच्या एकाबाहेर एक अशा पायऱ्या पडल्या होत्या, आणि शेवटच्या तिल्लान्यात, म्हणजे समारोपाच्या वेगवान नृत्यात, पोशाखाचा पंखा उघडला की जरीची किनार क्षणभर फाटत होती.

ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि माझ्या कामातही ती एकापेक्षा अधिक वेळा आलेली आहे. तलावपाळीजवळचे गडकरी रंगायतन असो, घोडबंदर रस्त्याकडचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह असो किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह असो, अंधार हा रंगमंचाचा अविभाज्य भाग असतो, आणि कॉम्प्रेशनची चूक सर्वांत आधी अंधारातच उघडी पडते. फाइल किती जीबीची हवी हे आधी ठरवून मग बाकीची सेटिंग त्या आकड्यात बसवणे, हे या तक्रारीचे मूळ आहे असे माझे ठाम मत झाले आहे. आधी गुणवत्तेचा आकडा ठरवावा आणि आकार किती येतो ते नंतर पाहावे. आकाराला खरोखरच मर्यादा असेल तर व्हिडिओचे भाग पाडावेत किंवा चित्राची मापे कमी करावीत, पण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारा डेटा, उपाशी ठेवू नये. पुढचे सगळे विवेचन याच क्रमाने केले आहे.

दोष कुठे आहे ते आधी पाहावे

सेटिंगला हात लावण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या कार्डावरची मूळ फाइल त्याच टीव्हीवर, त्याच जागी लावून पाहावी. मूळ फाइलीतही चौकोन दिसत असतील तर दोष चित्रीकरणातला आहे, आणि कॉम्प्रेशनची कोणतीही सेटिंग तो पुसून काढू शकणार नाही. मूळ फाइल स्वच्छ दिसत असेल तर दोष आपण केलेल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ लहान करून नव्याने लिहिण्यात, आहे. याच वेळी टीव्हीचे पिक्चर मोडही तपासावे, कारण अनेक टीव्ही दुकानात उठून दिसावेत म्हणून अतिशय भडक मोडवर ठेवलेले असतात. त्या मोडमध्ये काळ्याच्या जवळपासच्या छटा उजळतात आणि एरवी लक्षातही न येणारे चौकोन ठळक होतात. सिनेमा किंवा तत्सम मोड लावल्यावर दोष कमी होतो, पण जात नाही, असे आढळले तर दुरुस्ती फाइलीतच करावी लागेल.

ताईंच्या फाइलीच्या बाबतीत मूळ चित्रीकरण स्वच्छ होते. कॅमेरा १०८० ओळींच्या चित्राला सेकंदाला ५० फ्रेम या वेगाने आणि ५० मेगाबिट प्रतिसेकंद या बिटरेटने नोंदवत होता. कार्यक्रम अडीच तासांचा, म्हणजे ९,००० सेकंदांचा. ५० मेगाबिटला ९,००० ने गुणून ८ ने भागले की सुमारे ५६ जीबी होतात. ताईंना पेन ड्राइव्हवर एकच फाइल हवी होती आणि तो पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. फॅट३२ मध्ये एका फाइलीचा आकार ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही (नेमका आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट इतका आहे). मी उलट गणित केले, सरासरी बिटरेट साडेतीन मेगाबिट काढला, तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला आणि रात्रभर मशिन चालू ठेवले. फाइल बरोबर बसली, पण तिच्यातला पडदा हलू लागला.

चौकोन का पडतात

साडेतीन मेगाबिट हा आकडा वाचताना लहान वाटत नाही, म्हणून तो कशाच्या तुलनेत आहे ते पाहणे आवश्यक आहे. १९२० गुणिले १०८० मापाचे, ८ बिटांचे, नेहमीच्या ४:२:० रंगपद्धतीचे चित्र कोणतेही कॉम्प्रेशन न करता सेकंदाला ५० फ्रेमने साठवायचे म्हटले तर सेकंदाला सुमारे १,२४४ मेगाबिट लागतात. ते साडेतीन मेगाबिटमध्ये बसवणे म्हणजे साडेतीनशे भागांपैकी एक भाग ठेवून उरलेले सगळे टाकून देणे होय. एन्कोडर हे इतक्या कौशल्याने करतो, याचे कारण एकामागून एक येणाऱ्या फ्रेम बहुतांशी सारख्याच असतात आणि तो पूर्ण चित्र पुन्हा पुन्हा न लिहिता फक्त झालेला बदल लिहितो.

एच.२६४ पद्धतीत चित्राची विभागणी १६ गुणिले १६ पिक्सेलच्या तुकड्यांत होते. प्रत्येक तुकड्यातले बारीक फरक आकड्यांत उतरवले जातात आणि मग ते आकडे ठोकळ केले जातात. बिटरेट जितका कमी, तितके हे ठोकळ करणे अधिक निर्दय. काळ्या झालरीच्या घड्यांमध्ये प्रकाशाचा फरक मुळातच एकदोन छटांचा असतो, त्यामुळे ठोकळ करताना तो पूर्णपणे शून्य होतो आणि सगळा तुकडा एकाच सपाट छटेचा बनतो. शेजारचा तुकडा किंचित वेगळ्या छटेवर सपाट होतो आणि दोहोंमध्ये सरळ रेघ दिसू लागते. आकड्यांच्या हिशेबाने ही चूक नगण्य असल्यामुळे एन्कोडर तिची फिकीर करत नाही. डोळ्याला मात्र अंधाऱ्या खोलीत ती लगेच टोचते. पडदा मधूनच हलल्यासारखा वाटण्याचे कारणही इथेच सापडते. ठरावीक अंतराने एन्कोडर एक पूर्ण फ्रेम, म्हणजे कीफ्रेम, नव्याने लिहितो. एक्स२६४ या प्रचलित एन्कोडरमध्ये दोन कीफ्रेममधले सर्वाधिक अंतर न बदलल्यास २५० फ्रेम असते, म्हणजे ५० फ्रेमच्या व्हिडिओत ५ सेकंद. कीफ्रेम आली की सगळे तुकडे पुन्हा ठोकळ होतात, थोड्या वेगळ्या छटांवर जाऊन बसतात आणि संपूर्ण पडदा एकदम धडकल्यासारखा दिसतो. ताईंनी जे पाहिले ते तंतोतंत खरे होते.

बिटरेटऐवजी गुणवत्तेचा आकडा

सरासरी बिटरेट ठरवून दिला की एन्कोडरवर एकूण बेरीज साधण्याचे बंधन येते. त्याऐवजी सीआरएफ, किंवा हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ज्याला आरएफ म्हणतात, तो आकडा वापरावा. हा आकडा गुणवत्ता स्थिर ठेवतो आणि प्रत्येक प्रसंगाला लागतील तितके बिट देतो: निवेदिका माइकसमोर उभी असताना कमी, तिल्लान्यात आठ मुली एकत्र नाचत असताना पुष्कळ. एक्स२६४ मध्ये ८ बिट चित्रासाठी हा आकडा ० ते ५१ असा असतो, आकडा जितका लहान तितकी गुणवत्ता अधिक, आणि मूळ ठेवलेला आकडा २३ आहे. आकडा ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते आणि ६ ने कमी केला की साधारण दुप्पट, एवढा एक ठोकताळा लक्षात ठेवला तरी पुष्कळ अंदाज बांधता येतात. १०८० ओळींच्या चित्रासाठी २० ते २४, ७२० साठी १९ ते २३ आणि जुन्या ५७६ ओळींच्या चित्रासाठी १८ ते २२ ही कक्षा सर्वसाधारणपणे योग्य ठरते. रंगमंचाच्या अंधाऱ्या चित्रीकरणासाठी मी या कक्षेच्या खालच्या टोकालाच राहतो, आणि तसेच राहावे अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

एच.२६४ नंतर आलेली एच.२६५ ही पद्धत आणि तिचा एक्स२६५ एन्कोडर वापरत असल्यास हेच आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. एक्स२६५ चा मूळ आकडा २८ आहे आणि त्याची मोजपट्टी एक्स२६४ शी जुळत नाही. त्याचप्रमाणे ग्राफिक्स कार्डाच्या किंवा प्रोसेसरमधल्या हार्डवेअर एन्कोडरचे आकडेही वेगळ्या मोजपट्टीचे असतात. हार्डवेअर एन्कोडर अतिशय वेगवान असतात आणि रोजच्या कामाला ते उत्तमही आहेत, परंतु तेवढ्याच गुणवत्तेसाठी त्यांची फाइल मोठी होते. जी फाइल एखादे कुटुंब वीस वर्षे जपून ठेवणार आहे तिच्यासाठी मी सॉफ्टवेअर एन्कोडरच वापरतो आणि प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, ‘स्लो’ ठेवतो. त्याहून संथ प्रीसेट लावले की वेळ खूप वाढतो आणि आकारातली बचत थोडीच होते.

अंधारासाठी आणखी एक सेटिंग आहे आणि ती फारच थोडे लोक वापरतात. एक्स२६४ मध्ये एक्यू-मोड नावाचा पर्याय असतो. चित्राच्या कोणत्या भागाला किती बिट द्यायचे हे तो ठरवतो. त्याची किंमत ३ केली की काळोख्या भागांना अधिक बिट मिळतात. हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या पानावर सर्वांत खाली प्रगत पर्यायांची मोकळी चौकट असते, तिच्यात हा पर्याय इंग्रजी अक्षरांत लिहून बरोबरचे चिन्ह देऊन ३ हा आकडा भरावा. पदमच्या त्याच तीस सेकंदांवर ही एक गोष्ट बदलून पाहिली तेव्हा झालरीच्या घड्या पुन्हा घड्यांसारख्या दिसू लागल्या.

कणांचा बंदोबस्त

मंद प्रकाशात कॅमेऱ्याचा गेन किंवा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवावी लागते आणि त्यामुळे चित्रभर बारीक कण थरथरू लागतात. हे कण दर फ्रेममध्ये नव्या जागी असतात, म्हणून मागच्या फ्रेमवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही आणि एन्कोडरला ते दर वेळी नव्याने लिहावे लागतात. परिणामी ज्या काळ्या पडद्यात पाहण्यासारखे काहीच नाही त्यावर बिट खर्च होतात आणि नर्तिकेच्या चेहऱ्याच्या वाट्याला कमी उरतात. यावर उपाय म्हणजे एन्कोडिंगच्या आधी हलका डीनॉइझ, म्हणजे कण पुसणारा फिल्टर, लावणे. हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या पानावर एनएलमीन्स नावाचा पर्याय आहे. तो संथ चालतो, पण काम नाजूक करतो. त्याची ‘अल्ट्रालाइट’ किंवा फार तर ‘लाइट’ पायरी निवडावी.

इथे मोह आवरणे फार गरजेचे आहे. पायरी वाढवत गेले की फाइल लहान होत जाते आणि चित्र प्रथमदर्शनी गुळगुळीत, महागड्या कॅमेऱ्यासारखे वाटते. परंतु अभिनयाच्या रचनेत डोळ्याच्या कडेची काजळाची रेघ आणि भुवईची हालचाल हाच सगळा आशय असतो, आणि तीव्र डीनॉइझ पहिला घाव तिथेच घालतो. मी एकदा ‘मीडियम’ लावून पाहिले होते. कण गेले, पण हातावरच्या अळत्याच्या बोटांच्या कडाही बोथट झाल्या आणि चेहरा मेणाचा वाटू लागला. थोडे कण राहिलेले चालतात.

कणांसारखाच वायफळ खर्च लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळेही होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे मेन्सवर चालणाऱ्या अनेक दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचा शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवला तर हा फरक प्रत्येक फ्रेममध्ये सारखाच पडतो. तसे नसेल तर दर फ्रेमचा उजळपणा वेगळा होतो आणि स्थिर प्रसंगही एन्कोडरला बदलता भासतो. हे चित्रीकरणाच्या वेळीच सांभाळावे लागते.

तीस सेकंदांची चाचणी

संपूर्ण अडीच तास एन्कोड करून मग दोष शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्याऐवजी तीन तुकडे निवडावेत, प्रत्येक सुमारे तीस सेकंदांचा: सर्वांत अंधारा प्रसंग, सर्वांत वेगवान प्रसंग, आणि प्रकाश पूर्ण मावळून काळोख होतो तो क्षण. हँडब्रेकमध्ये सुरुवात आणि शेवट सेकंदांत देऊन एवढाच भाग एन्कोड करता येतो. हे तुकडे १८, २०, २२ आणि २४ या आकड्यांनी तयार करावेत, फाइलीच्या नावातच आकडा लिहावा, आणि ज्या टीव्हीवर किंवा त्यासारख्या टीव्हीवर व्हिडिओ पाहिला जाणार आहे त्यावर नेहमीच्या अंतरावरून, दिवे मालवून पाहावेत. लॅपटॉपच्या लहान स्क्रीनवर भरदिवसा केलेली परीक्षा अंधाऱ्या प्रसंगांच्या बाबतीत काहीही सिद्ध करत नाही. माझी चूक नेमकी तिथेच झाली होती. ज्या सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत मूळ फाइलीशी फरक दिसत नाही तो शोधावा आणि तेथून एक पाऊल मागे यावे. ताईंच्या कार्यक्रमात २२ वर पदमच्या पडद्यावर हलके डाग दिसले, २१ वर ते शोधावे लागले, आणि मी २० वर थांबलो.

पावले अडखळत असतील तर

चौकोन गेल्यानंतरही कधी कधी दुसरी तक्रार येते: चित्र स्वच्छ आहे, पण नाच गुळगुळीत दिसत नाही, पावले अडखळल्यासारखी वाटतात. याचे कारण बहुतेक वेळा हँडब्रेकच्या तयार प्रीसेटमध्ये असते. तो उघडल्यावर समोर येणाऱ्या ‘फास्ट १०८०पी३०’ या प्रीसेटमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा ३० असते. ज्या देशांत कॅमेरे ३० किंवा ६० फ्रेमवर चालतात तिथे हे फारसे खटकत नाही. आपल्याकडचे कॅमेरे मात्र बहुधा २५ किंवा ५० वर लावलेले असतात, आणि ५० चे ३० करायचे म्हणजे दर पाच फ्रेमपैकी दोन टाकायच्या. उरलेल्या तीन फ्रेममधले अंतर समान राहत नाही, म्हणून एक पाऊल लवकर पडते आणि दुसरे रेंगाळते. भरतनाट्यमच्या जतीत, म्हणजे बोलांवरच्या पदन्यासात, जिथे पायाचा आघात आणि नट्टुवांगमचा (झांजांच्या तालाचा) ठोका एकाच क्षणी यायला हवा, तिथे हे जाणकाराला असह्य होते. फ्रेमरेट ‘मूळ फाइलीप्रमाणे’ आणि ‘स्थिर’ असा निवडावा. फ्रेम कमी करायच्याच असतील तर ५० च्या थेट २५ कराव्यात, म्हणजे एक सोडून एक जाते आणि अंतर समान राहते. पण नृत्यासाठी मी तेही टाळतो.

मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात याचीच आणखी एक बाजू दिसते. मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेमरेटने नोंद करतो, आणि अशी फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की आवाज हळूहळू चित्राच्या पुढे किंवा मागे जाऊ लागतो. एडिटिंगला घेण्यापूर्वीच ती फाइल १६ किंवा १७ सारख्या लहान आकड्यावर स्थिर फ्रेमरेटने बदलून घ्यावी. पालकांनी आयफोनवर केलेले चित्रीकरण बदलल्यावर फिके, धुरकट दिसत असेल तर ते बहुधा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराची अधिक मोठी कक्षा नोंदवणाऱ्या प्रकारातले, असते. आयफोन १२ पासूनचे फोन तसे नोंदवू शकतात, आणि कार्यक्रमापूर्वीच ही सोय बंद करायला सांगणे सर्वांत सोपे जाते.

आकाराची मर्यादा खरीच असेल तर

एका मेगाबिटचा बिटरेट एक तास चालला की ४५० एमबी होतात, या एका सूत्रावर सगळी गणिते करता येतात. पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ४ जीबीची अट नाहीशी होते, परंतु काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, आणि ताईंचा टीव्ही त्यांपैकीच होता. म्हणून कार्यक्रम मध्यंतरावर तोडला. प्रेक्षकांना त्या जागी थांबण्याची सवयच असते, त्यामुळे कोणाला काही खटकत नाही. २० हा आकडा, हलका डीनॉइझ आणि एक्यू-मोड ३ यांसह मध्यंतरापूर्वीची ८० मिनिटे ३.९ जीबीत आणि नंतरची ७० मिनिटे ३.६ जीबीत बसली. डीनॉइझ न करता याच आकड्यावर फाइली जवळजवळ दीडपट होत होत्या आणि मग एकही भाग मर्यादेत बसला नसता.

एकाच फाइलीचा हट्ट असेल आणि मर्यादा मोडता येत नसेल, तर चित्र १०८० वरून ७२० ओळींवर आणावे. पिक्सेलची संख्या निम्म्याहूनही कमी होते, आणि उपाशी १०८० पेक्षा पोटभर ७२० केव्हाही चांगले दिसते. अशा वेळी नेमका आकार साधायचा म्हणून सरासरी बिटरेट द्यावाच लागतो. मग दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग निवडावे, म्हणजे एन्कोडर पहिल्या फेरीत सगळा कार्यक्रम पाहून घेतो आणि दुसऱ्या फेरीत बिटांची वाटणी करतो.

आवाजाची कपात करून आकार वाचवण्याचा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. १९२ किलोबिटचा एएसी आवाज अडीच तासांत अवघी २१६ एमबी जागा घेतो. तो निम्मा केल्याने साडेसात जीबीमधून शंभरेक एमबी वाचतात, आणि त्या बदल्यात घुंगरांचा आणि झांजांचा आवाज पत्र्यावर पाणी पडल्यासारखा होतो. आवाजाला हात लावू नये.

टीव्हीवर फक्त आवाज आणि काळा पडदा

फाइल टीव्हीवर लावली की आवाज येतो आणि चित्र येत नाही, अशी तक्रार आली तर फाइल बहुधा एच.२६५ मध्ये किंवा १० बिटांत (नेहमीच्या ८ बिटांपेक्षा अधिक छटांत) असते. एच.२६४ हे मानक २००३ मधले आणि एच.२६५ हे २०१३ मधले आहे, त्यामुळे जुन्या टीव्हींना आणि सोसायटीच्या सभागृहातल्या जुन्या कॉम्प्युटरना दुसरे समजतच नाही. एच.२६५ कमी बिटांत तेवढीच गुणवत्ता देते आणि त्याची १० बिट आवृत्ती प्रकाशाच्या पायऱ्याही चांगल्या आटोक्यात ठेवते, म्हणून स्वतःच्या संग्रहासाठी ते उत्तम आहे. पण ज्या फाइली पंचवीस कुटुंबांच्या पंचवीस वेगवेगळ्या टीव्हींवर चालायच्या आहेत, त्या मी आजही एमपी४ मध्ये, एच.२६४ च्या हाय प्रोफाइलमध्ये, ८ बिटांतच देतो. लेव्हल, म्हणजे फाइल चालवायला उपकरणाची किती ताकद लागेल ते सांगणारा आकडा, १०८० ओळींच्या २५ किंवा ३० फ्रेमसाठी ४.१ पुरते, ५० फ्रेमसाठी ४.२ लागते, आणि तिथे चुकून ४.१ लिहिले गेले तर काही उपकरणे ती फाइल अडखळत चालवतात. २०१८ मध्ये आलेला एव्ही१ हा आणखी नवा प्रकार आकाराने आणखी काटकसरी आहे, परंतु घरोघरच्या टीव्हींचा विचार करता वाटपासाठी तो मी अजून वापरत नाही.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल तिथे पुन्हा जबरदस्त कॉम्प्रेस होते, त्यामुळे आपण घेतलेली सगळी काळजी वाया जाते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. यूट्यूबवर चढवायचे असेल तर पेन ड्राइव्हसाठी केलेली फाइल चढवू नये. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ स्वतः पुन्हा एन्कोड करते, आणि आपले चौकोन तिच्या चौकोनांत मिसळून दुप्पट होतात. १०८० ओळींच्या ५० किंवा ६० फ्रेमच्या व्हिडिओसाठी यूट्यूबचीच शिफारस १२ मेगाबिटची आहे. मी एडिटिंगमधून थेट त्याहून अधिक बिटरेटने फाइल काढतो आणि ती रात्री चढवायला लावतो. २० मेगाबिटच्या अपलोड वेगाने ९ जीबीला एक तास लागतो, तेवढा धीर धरता येतो.

मूळ फाइली कार्डावरून हार्ड डिस्कवर उतरवल्या की त्या मी पुसत नाही, कारण लहान केलेल्या फाइलीपासून पुन्हा लहान फाइल करणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणे आहे. ताईंना नव्या फाइली करून देता आल्या त्या मूळ ५६ जीबी हाताशी होत्या म्हणूनच. फक्त सुरुवातीचे किंवा शेवटचे काही सेकंद कापायचे असतील तर लॉसलेसकटसारखे सॉफ्टवेअर वापरावे. ते एन्कोड न करता कापते, मात्र काप कीफ्रेमच्या जागीच पडत असल्याने दोनचार सेकंद इकडेतिकडे होतात.

पेन ड्राइव्ह देण्यापूर्वी प्रत्येक फाइल टीव्हीवर तीन ठिकाणी चालवून पाहावी: सुरुवातीला, सर्वांत अंधाऱ्या प्रसंगात आणि शेवटच्या मिनिटाला. शेवटचे मिनिट विसरू नये, कारण कॉपी पूर्ण होण्याआधी पेन ड्राइव्ह ओढून काढला गेला असेल तर ते तिथेच कळते.